पबमधे पाच जणांनी तीन तास वाजवून हातात चारशे रुपये, गणित कुठं चुकतंय?

सहावी_तार

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही पाच जण, सगळे नोकरीवाले. दोघं ऐरोलीला आयटीत, एक बँकेत, ड्रमर शाळेत पीटी शिकवतो आणि मी एका कंपनीच्या डिस्पॅचला. सहा वर्षं एकत्र वाजवतोय. गेल्या वेळी पाम बीच रोडच्या बाजूच्या एका पबमधे गुरुवारची लाईव्ह नाईट मिळाली. पबचं नाव घेत नाही, कारण परत बोलावलं तर जायचंय. ठरले बारा हजार. घरी बायकोला मी "बारा हजार" एवढंच सांगितलं होतं, पुढचा हिशोब तिला अजून दाखवलेला नाही, तो इथं मांडतो.

जॅमपॅडला (प्रॅक्टिसची भाड्याची खोली) दोन वेळा तीन-तीन तास बसलो, ताशी ५००, म्हणजे ३०००. पबचा मिक्सर आठ चॅनलचा, त्यातले दोन मेलेले, मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यायचे स्पीकर) नाहीतच, म्हणून छोटा मिक्सर आणि दोन मॉनिटर भाड्याने, २५००. पबकडे ड्रम किट नाही ("गेल्या बँडने फोडला"), त्यामुळे घोडबंदरवरून सानपाड्याला टेम्पो, जाऊन-येऊन १९००. तारा, स्टिक्स, एक केबल, ७००. आणि जेवण! "बँडला ५० टक्के डिस्काउंट" म्हणजे जेवण फुकट नाही हे आम्हाला बिल आल्यावर कळलं, डिस्काउंट धरून १९००. टोटल दहा हजार. राहिले दोन, भागिले पाच.

ऑफिसमधून हाफ डे टाकून साडेतीनला निघालो, कापूरबावडीला अडकलो, मग विटाव्याला अडकलो, साडेपाचला पोचलो तर साऊंडवाला मुलगा सातला आला. पाऊण-पाऊण तासाचे तीन सेट, मधे ब्रेक. घरी पोचलो तेव्हा दोन वाजले होते आणि सोसायटीच्या वॉचमनला गाढ झोपेतून उठवून गेट उघडून घेतलं. पैसे ४७ दिवसांनी आले, आठ वेळा फोन केल्यावर.

तर प्रश्न असा की पब आम्हाला लुटतोय, का आमची लायकीच तेवढी आहे, का तिसरंच काही आहे? पोटतिडकीने विचारतोय.

विटावा_ब्रिजखाली

पहिला!

विटाव्याला अडकण्याबद्दल तीव्र सहमत, बाकी संगीतातलं कळत नाही.

उघडं_सत्य

राग मानू नका पण तुम्ही हौस करताय आणि वर पगार मागताय. मी आणि माझे मित्र दर रविवारी क्रिकेटला टर्फ बुक करतो, तासाला बाराशे, खिशातून देतो, घामाघूम होतो, घरी जातो. टर्फवाला आम्हाला पैसे देत नाही. तुम्हाला उलट चारशे मिळाले, पेढे वाटा.

सहावी_तार

@उघडं_सत्य, तुमच्या टर्फवर बाजूला टेबलं मांडून कोणी तुमची मॅच दाखवून बिअर विकत नाही. विकायला लागला तर तुम्ही पण हिस्सा मागाल.

उघडं_सत्य

आमची बॅटिंग बघून लोक बिअर सोडतील.

सर्व्हिस_चार्ज

मी नऊ वर्षं फ्लोअर मॅनेजर होतो, आधी वाशी मग ठाण्याला, आता हे क्षेत्र सोडून भावाच्या केटरिंगमधे आहे त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. पबवाल्याच्या खुर्चीत बसून बघा जरा. आकडे माझ्या एका जागेचे आहेत, सगळीकडे असेच असतील असं नाही.

आमच्याकडे साध्या गुरुवारी ५० डोकी. लाईव्ह असलं की ७०. म्हणजे बँडमुळे आलेले २०, आणि यातले आठ-दहा बँडचेच मित्र, त्यांच्याबद्दल नंतर बोलतो. डोक्यामागे बिल पकडा १२००. वीस गुणिले बाराशे, चोवीस हजार जास्तीचा धंदा. मालकाच्या खिशात चोवीस जात नाहीत. दारूची खरेदी, किचनचा माल, आचारी-वेटरचा ओव्हरटाईम, गॅस, लाईट, हे सगळं काढलं की आमच्याकडे निम्मे राहायचे, म्हणजे बारा. आता बँडला बारा दिले तर मालकाने त्या दिवशी कोणासाठी लाईट लावली? म्हणून तो आठ म्हणतो, तुम्ही पंधरा म्हणता आणि बारावर तुटतं. तुम्हाला बारा मिळाले म्हणजे कोणीतरी चांगलं बोललं तुमच्याकडून, किंवा मालकाला ब्रँडिंगची खाज होती.

आणि तो तुमची तुलना दुसऱ्या बँडशी करतच नाही. त्याच्याकडे डीजे आहे, एकटा येतो, लॅपटॉप आणतो, चार-पाच हजार घेतो, टेम्पो नको, साऊंडचेक नको, आणि पब्लिक नाचतं. नाचणारा माणूस जास्त पितो, ऐकणारा कमी पितो, हे लिहून ठेवा. चांगला बँड असला की लोक ग्लास हातात धरून बघत बसतात, एक पिंट दीड तास पुरवतात आणि टेबल सोडत नाहीत. बाहेर चार जण उभे, आत गिटारचा सोलो चाललाय, आणि माझा जीव वरखाली.

आता मित्र. बँडचे मित्र हे पबचं सगळ्यात वाईट गिऱ्हाईक, माफ करा. हॅपी अवर्स संपायच्या आत एक पिचर सहा जणांत, एक फ्राईज, पाणी साधं. आणि पहिल्या सेटनंतर "उद्या ऑफिस आहे रे, भारी वाजवलंस" म्हणून गायब.

वरून टॅक्स. परमिट रूममधे सर्व्ह केलेल्या दारूवरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला आणि २०२५ मधे राज्याने दारूवरची एक्साईज पण जबरी वाढवली. गिऱ्हाईकाने काय केलं? तीच दारू वाईन शॉपमधून घेऊन गच्चीवर प्यायला लागला. मग मालक कुठं कापतो? आचारी कापता येत नाही, भाडं कापता येत नाही. बँड कापता येतो.

सहावी_तार

@सर्व्हिस_चार्ज दंडवत घ्या. मित्रांचं वाचून हसलो आणि मग शरमलो. आमच्या वेळी तेरा आले होते, त्यातले चार तर फक्त कोक प्यायले. तरी पण एक खटकतंय, तुमच्या हिशोबात नेहमीचे ५० बँड नसता तरी आलेच असते असं धरलंय. त्यातले काही दर गुरुवारी बँड असतो म्हणूनच यायला लागले असतील ना?

सर्व्हिस_चार्ज

असतील, पण "यायला लागले" व्हायला सहा महिने सलग चांगली लाईव्ह नाईट चालवावी लागते. मालक चौथ्या गुरुवारी गल्ला बघतो आणि स्क्रीन लावून आयपीएल सुरू करतो.

खारघर_हिल्स

रूफटॉपचं कोणी बोललंच नाही. आम्ही खारघरला वाजवायचो, उघडी गच्ची. ध्वनिप्रदूषणाचे जे २००० सालचे नियम आहेत त्यात रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, बंदिस्त हॉल असेल तर सवलत, गच्चीला नाही. आणि आपलं पब्लिक येतं कधी? बीकेसीतून, अंधेरीतून लोकल पकडून, घरी जाऊन, आंघोळ करून, साडेनऊला. म्हणजे खुर्च्या भरायला लागल्या की आमचा शेवटचा सेट संपला. साडेसात ते साडेआठ आम्ही वेटरांसाठी वाजवायचो, एका वेटरला तर आमची सगळी सेटलिस्ट पाठ झाली होती, गाण्याच्या ब्रिजला, म्हणजे मधल्या तुकड्याला, कुठे चुकतो ते पण सांगायचा.

समोरच्या टॉवरमधून एक काका बरोब्बर दहा वाजून दोन मिनिटांनी १०० नंबर फिरवायचे. त्यांचा काही दोष नाही, त्यांची नात बारावीला होती.

रंगभवनचा_पोरगा

ध्वनीवरून आठवलं, अवांतर आहे. धोबी तलावचं खुलं थिएटर, रंगभवन, आठवतंय का कोणाला? १९८६ ला सुरू झालेलं इंडिपेंडन्स रॉक हे रॉक फेस्टिव्हल तिथं व्हायचं, आम्ही ठाण्याहून शेवटच्या लोकलचा हिशोब करून जायचो. शेजारी हॉस्पिटलं, सायलेन्स झोन झाला, रंगभवन मुकं झालं. लाईव्ह संगीताचा क्लब म्हणून परळचं ब्लू फ्रॉग २००७ ला आलं आणि २०१६ ला गेलं पण. मुद्दा काय तर ज्या जागी लोक मुद्दाम बँड *ऐकायला* यायचे त्या जागा गेल्या, उरलं ते जेवणाबरोबर बँड. ठाण्यातलं ज्याला खरंच ऐकायचंय ते पोरगं आजपण खारला नाहीतर लोअर परळला जातं. घोडबंदरला तो फक्त आईबाबांना घेऊन जेवायला येतो.

नाईट_किती

नमस्कार. वय वर्षे ६४, मुक्काम कळवा. ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन आणि नंतर की-बोर्ड, एकूण २८ वर्षे.

अहो तुम्ही मुलं "गिग" म्हणता, आम्ही "नाईट" म्हणायचो. "नाईट किती घेतोस?" हा पहिला प्रश्न, नाव नंतर. गणपती, नवरात्र, हळदीकुंकू, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, गडकरी रंगायतनला शो. माझी नाईट ठरलेली असायची आणि हॉल भरो न भरो, मला माझी नाईट पाकिटात मिळायची, स्टेजवरून उतरल्यावर, घरी जायच्या आत. का? कारण मधे ऑर्केस्ट्राचा मालक होता. सुपारी तो घ्यायचा, विसार तो घ्यायचा, बुडाला तर तो बुडायचा. तो आमच्या जिवावर कमवायचा हे खरं, आम्ही त्याला शिव्या पण द्यायचो, पण मंडळाच्या अध्यक्षाच्या दारात पैशासाठी मी कधी उभा राहिलो नाही.

तुमच्यात सुपारी कोण घेतं? सगळे मिळून? म्हणजे कोणीच नाही. तुम्ही ४७ दिवसांत आठ फोन केलेत, आमचा मालक आठव्या दिवशी जाऊन त्यांच्या ऑफिसात बसला असता, डबा घेऊन.

आणखी एक. आम्ही विसार घेतल्याशिवाय तारीख धरत नसू. तुम्ही किती घेतला होता?

सहावी_तार

काका, शून्य. मागायची लाज वाटली.

नाईट_किती

मग झालं.

बेंजो_नंबर_एक

दादा मी तुमचा धागा वाचून बायकोला पण वाचून दाखवला, ती म्हणते यांना आपल्याकडे घ्या 😀

आम्ही आगरी, गाव कोपरखैरण्याकडचं, आमचा बेंजो ग्रुप आहे, १४ पोरं, हळदीला वाजवतो. मागच्या सिझनला एका हळदीचे आम्ही ३५ हजार घेतले, विसार दहा हजार आधी. चौदात वाटले तर माणशी अडीच हजार होतात, त्यातून टेम्पो, डिझेल. वरून पाव्हणे नोटा लावतात त्या वेगळ्या, एकदा नवरदेवाच्या मामानं एकच गाणं सात वेळा वाजवायला लावलं आणि प्रत्येक वेळी पाचशे. जेवणाचं डिस्काउंट वगैरे नाय, मटण-भाकरी पोटभर, आणि नाय जेवलं तर यजमानीण रागावते.

आम्ही काय तुमच्यापेक्षा भारी वाजवतो असं नाय. आमच्यातल्या निम्म्या पोरांना सूर म्हणजे काय ते पण सांगता येणार नाय. पण हळदीला बेंजो नसला तर गावात नाक कापलं जातं दादा. तुमच्या पबात बँड नसला तर कोणाचं नाक कापलं जातं?

विटावा_ब्रिजखाली

शेवटचं वाक्य वाचून उठून टाळ्या वाजवल्या.

घोडबंदरचं_पाणी

+१. धागा इथंच संपला खरं तर. (संपणार नाही, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

कोरसमधली

मी गाते, आधी एका बँडमधे, आता तीन बँडना गरज पडली की जाते. मुलींचा हिशोब वेगळा असतो तो इथं कोणी मांडलेला दिसला नाही.

रात्री उशिरा नेरूळहून ठाण्याला ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची नाही असं घरचं फर्मान, म्हणजे कॅब, रात्रीच्या रेटने. माझा वाटा चारशे आणि कॅब सहाशे, मग आई विचारते की तू *देऊन* गातेस का? ड्रमर मला सोडायला तयार असतो पण तो राहतो डोंबिवलीला आणि त्याच्या गाडीत ड्रम असतात, मी बसू कुठे, बेस ड्रमच्या आत?

एका ठिकाणी मालक आमच्या गिटारिस्टला म्हणाला, मॅडम असतील तर दोन हजार वाढवतो. गाणं ऐकलं नव्हतं त्याने अजून. दुसरीकडे वेटर टिश्यूवर फर्माईश घेऊन आला, खाली फोन नंबर. नवी मुंबईत ऑर्केस्ट्रा बारची एक पद्धत आहे, काही गिऱ्हाईकांच्या डोक्यात बाई माईकसमोर म्हणजे तेच. मी त्या बायकांना कमी लेखत नाहीये अजिबात, त्यातल्या एकीकडून मी श्वास कुठे घ्यायचा ते शिकले. ऑर्केस्ट्रा बारमधे स्टेजवर चार बायका आणि चारच पुरुष अशी लायसन्सची अट होती, ती सुप्रीम कोर्टाने २०२२ मधे काढून टाकली. म्हणजे त्यांच्या पोटासाठी कोणीतरी दिल्लीपर्यंत भांडलं. आमच्या हौशी बँडवाल्यांनी जेवणाच्या बिलासाठी पण भांडून दाखवावं.

सहावी_तार

ताई, शेवटचं लागलं. बरोबर आहे.

एक अपडेट देतो, आधी लिहायला विसरलो कारण आठवलं की त्रास होतो. अकाउंटला बारा हजार नाही, १०,८०० आले. १२०० टीडीएस. म्हणजे खरा वाटा चारशे नाही, १६०. मी धाग्याचं नाव बदलत नाही, चारशे बरं दिसतं.

ताळेबंद

सीए आहे म्हणून लिहितो. प्रोफेशनल फी म्हणून १० टक्के कापलेला दिसतोय. एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, आधी ३० होती. एकाच पबकडून वर्षभरात तेवढे होत नसतील तर कापायची गरज नव्हती. असो, कापलाय तर गेला नाही. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या २६एएसमधे (इन्कम टॅक्सच्या साईटवरचा कापलेल्या टॅक्सचा उतारा) दिसतोय का बघा, दिसत असेल तर रिटर्नमधे धरता येईल. दिसत नसेल तर बहुधा त्यांनी कापून भरलाच नाही, आणि मग पबला फोन करा, नववा.

सहावी_तार

बघितलं. दिसत नाहीये.

ताळेबंद

🙏

दुपारचा_तास

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, बेलापूरला. राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं, एरवी वाचून गप्प बसतो.

बॉमोल नावाचा अमेरिकन अर्थतज्ज्ञ होता, त्याने आणि बोवेनने १९६६ मधे नाटक-संगीतवाल्यांच्या अर्थकारणावर लिहिलं. साधी गोष्ट आहे. चार जणांनी वाजवायच्या एखाद्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी चार जण आणि जेवढी मिनिटं लागायची, आजही तेवढेच जण आणि तेवढीच मिनिटं लागतात. कारखान्यात तोच कामगार मशीनच्या जोरावर शंभरपट माल काढतो, म्हणून त्याचा पगार वाढला तरी मालकाला परवडतं. तुमचा ड्रमर दुप्पट वेगाने वाजवून अर्ध्या वेळेत शो संपवू शकत नाही (प्रयत्न करत असेल, ते वेगळं). म्हणजे बाहेरचे पगार वाढणार, टेम्पोचं भाडं वाढणार, आणि तुमचं उत्पादन आहे तिथंच. लाईव्ह संगीत बाकी सगळ्याच्या तुलनेत महागच होत जाणार आणि पबवाला डीजेकडे वळणार.

दुसरं, १९८१ मधे रोझेनने मांडलेलं. ज्या धंद्यात एकाच माणसाचा आवाज लाखो लोकांपर्यंत पोचवता येतो तिथं थोडा जास्त चांगला असलेला सगळंच घेऊन जातो. जानेवारी २०२५ मधे नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन शो झाले, तिकिटांसाठी ऑनलाईन लाखोंची रांग लागली होती. त्याच नेरूळात त्याच आठवड्यात एखादा बँड आठ हजारात वाजवत असणारच. लोकांकडे संगीतावर घालवायला पैसे नाहीत असं नाहीये.

पण या दोन्हींपेक्षा तुमच्या बाबतीत तिसरी गोष्ट मोठी. ठाणे-नवी मुंबईत गिटार येणारे, पगार मिळवणारे, शनिवार-रविवार मोकळे असलेले लोक भरपूर आहेत आणि त्यातला प्रत्येक जण स्टेजवर उभं राहण्यासाठी मनातल्या मनात *पैसे द्यायला* तयार आहे. पबवाल्याला हे माहीत आहे. तुमचा पगार दर महिन्याला आयटी कंपनी देते आणि त्यातला थोडा पबला पोचतो, तुमच्या मार्फत. सबसिडी तुम्ही देताय.

सुफी_नको

सर, शेवटच्या परिच्छेदासाठी माझा गुन्हा कबूल करतो. मी २०२२ मधे हिरानंदानी इस्टेटच्या बाजूला एका जागी तीन महिने फुकट वाजवलं. फुकट म्हणजे दोन बिअर आणि रील. कोविडनंतर इतकी भूक होती ना स्टेजची, दोन वर्षं बेडरूममधे वाजवून डोकं फिरलं होतं, मालक म्हणाला एक्स्पोजर मिळेल, मी हो म्हणलो. नंतर कळलं की माझ्या आधी तिथं एक ड्युओ दर बुधवारी सहा हजारात वाजवायचा, त्यातल्या एकाचं घर त्यावर चालायचं, तो नोकरी करत नव्हता. त्याला काढून मला ठेवलं होतं. तो एकदा माझा शो बघायला पण आला, मागे उभा राहिला, काही बोलला नाही, जाताना थम्स अप केलं.

एक्स्पोजर काय मिळालं? आणखी दोन पबनी फोन केला. फुकट वाजवाल का म्हणून.

उघडं_सत्य

हे मात्र वाईट झालं. मी टर्फवाली कमेंट मागे घेत नाही पण अर्धी घेतो.

कोरसमधली

@सुफी_नको, तो ड्युओवाला कोण ते मला माहीत आहे बहुतेक. तो आता लग्नांत संगीत कार्यक्रमाला वाजवतो, बरा कमावतो, काळजी नसावी. पण स्वतःची गाणी वाजवत नाही आता.

मिनी_थिएटर

आम्ही पबचा नाद सोडून एकदा स्वतः तिकीट लावून शो केला, ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरला. ९० तिकिटं २०० रुपयांनी, अठरा हजार. भाडं, साऊंड, बॅनर, चहा धरून साडेपंधरा गेले. पाच जणांत अडीच हजार, पाचशे आले माणशी! म्हणजे तुमच्यापेक्षा शंभर जास्त (किंवा ३४०, तो टीडीएस धरला तर).

गंमत अशी की जे मित्र पबमधे सहा जणांत एक पिचर घेतात त्यांनीच इथं दोनशेचं तिकीट न कुरकुरता काढलं, आईवडिलांना पण आणलं. मराठी माणूस नाट्यगृहाच्या खिडकीवर पैसे काढतो, त्याला सवय आहे. पबमधे तो बिअरला पैसे देतो, गाणं भिंतीच्या रंगासारखं, आहे तर आहे. आणि कव्हर चार्ज (आत शिरायचे पैसे) लावला तरी तो "रिडीमेबल" असतो, म्हणजे गाण्याचे दिलेले पैसे पण पनीर टिक्क्यातच वळते होतात.

पण वर्षातून असा शो एकदाच. नव्वद नातेवाईक दर महिन्याला कुठून आणणार.

सर्व्हिस_चार्ज

जाता जाता आतली गोष्ट सांगतो. मालकाशी भांडताना "आम्ही किती वर्षं वाजवतोय" हे सांगू नका, त्याला घेणं नाही. मंगळवारी जा, रिकाम्या वेळी, आणि सांगा की आमची ४० माणसं येतील, टेबलं आधी बुक करतील, आठ हजार फिक्स द्या आणि त्या रात्रीचा गल्ला अमुकच्या वर गेला तर वरच्यातले १५ टक्के. आमच्याकडे एकाच बँडने असं मागितलं होतं, मालक चकित झाला आणि हो म्हणाला. त्यांना त्या रात्री चौदा मिळाले. जेवणाचं आणि ड्रम किटचं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तोंडी ठरलेलं मॅनेजर बदलला की जातं. अर्धे आधी घ्या, काकांचं ऐका.

नाईट_किती

विसार. त्याला विसार म्हणायचं.

सहावी_तार

सगळ्यांचे आभार, प्रत्येकाला वेगळं लिहीत नाही. कालच त्याच पबमधून फोन आला, नवीन मॅनेजर, जुना गेला. शुक्रवारी तारीख आहे, दहा हजार, "पण शुक्रवार आहे सर, क्राऊड जास्त". मी इथं वाचलेलं सगळं आठवून बोललो, जेवण फुकट मागितलं, विसार मागितला (शब्द हाच वापरला, त्याला कळला नाही, मग अ‍ॅडव्हान्स म्हणलो). जेवणाला हो म्हणाला, अ‍ॅडव्हान्सला "बघतो" म्हणाला. म्हणलं ग्रुपवर विचारून सांगतो, मनात होतं की आता सगळे मिळून नाही म्हणू, एकदा तरी.

ग्रुपवर टाकलं. ड्रमरचं उत्तर ४० सेकंदात आलं, "हो". की-बोर्ड, "हो हो". मी टाईप करत होतो की थांबा जरा, तेवढ्यात व्होकलिस्टने सेटलिस्टच पाठवली.

फक्त बेसिस्ट नाहीये, तो ऑनसाईट चाललाय बुधवारी. तर ठाण्यातला कोणी बेस वाजवणारा असेल शुक्रवारसाठी तर व्यनि (खासगी निरोप) करा, घोडबंदरकडचा असेल तर टेम्पोत जागा आहे. पैशाचा आकडा वर आहेच, लपवत नाही.

उघडं_सत्य

मी कॉलेजात बेस वाजवायचो.

किती वाजता निघायचं?